धोऱ्याचे हात, धोऱ्याची शिंगं

राजस्थानातल्या बारमेर जिल्ह्यात, वाळूच्या एका टेकडीच्या आडोशाला एक गाव होतं. गावाचं नाव काहीही समजा. थारमधल्या कितीतरी गावांना ही गोष्ट लागू पडेल. तिथे वर्षाचा पाऊस सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास. आपला माणदेश दुष्काळी म्हणवतो, पण तिथेसुद्धा याहून बराच जास्त पडतो. वाळूच्या टेकडीला त्या मुलखात धोरा म्हणतात. गावाच्या नैऋत्येला असाच एक मोठा धोरा होता. चढायला लागलं की निम्म्यावर धाप लागायची.

धोऱ्याच्या पायथ्याशी एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला माजीसा म्हणायचं. तिला दोन मुलगे. मुलं लहान असताना ती त्यांना धोऱ्याच्या माथ्यावर घेऊन जायची आणि खाली बघायला लावायची. तिथून धोरा घोड्याच्या नालेसारखा दिसे. फुगलेली बाजू गावाकडे आणि दोन लांब कडा नैऋत्येकडे, जिकडून उन्हाळ्यात वारा येतो तिकडे.

माजीसा म्हणायची, “बघा, धोऱ्याला दोन हात आहेत. ते वाऱ्याकडे पसरलेत. पाठ आपल्याकडे आहे. आई लेकराला पाठीशी घालते आणि येणाऱ्याला दोन्ही हातांनी थोपवते, तसा हा उभा आहे.”

“हात उडून जात नाहीत?” धाकटा विचारायचा.

“कसे जातील? मुठीत फोग धरलाय ना त्याने.”

म्हातारी निरक्षर होती, पण बोलत होती ते अगदी खरं होतं. धोऱ्याच्या दोन्ही कडांना वाळूचा थर कमी असतो, ओल जवळ असते, म्हणून तिथे फोगासारखी झुडपं आणि गवत लवकर धरतं. वारा मधली उघडी वाळू पुढे ढकलतो, आणि मुळांनी बांधलेल्या कडा मागे राहतात. अशाने धोऱ्याला हात फुटतात. थारमध्ये असे नालेच्या आकाराचे धोरे जागोजागी आहेत. जिथे असा आकार दिसेल, तिथे वाऱ्याशी झाडपाल्याने झुंज दिली आहे, असं खुशाल समजावं.

माजीसाच्या नवऱ्याने घरात तीन नियम घालून दिले होते. नांगर फिरेल तो खालच्या सपाटीवर, धोऱ्यावर चढणार नाही. फोगाची फांदी तोडावी, मूळ खणू नये. आणि सेवण गवताचा एक पट्टा दरवर्षी बी झडेपर्यंत जनावरांना बंद ठेवावा. उंटाच्या नांगराचा फाळ उथळ चालायचा, वाटेत झुडूप किंवा खेजडीचं रोप आलं की उंट वळसा घालून जायचा. एक तुकडा पेरला की पुढची काही वर्षं तो पडीक ठेवायचे. या नियमांना कोणी नियम म्हणत नसे. घरात जसं उंबऱ्यावर बसत नाहीत, तसंच ते होतं.

धोऱ्याच्या पायथ्याला त्यांची एक बेरी होती. बेरी म्हणजे माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद विहीर. धोऱ्यावर पडलेला पाऊस वाहून जात नाही, वाळूत मुरतो. चिकणमाती वाळली की तिला भेगा पडतात आणि ओल उडून जाते. वाळू सुटी असते, तिला भेगाच पडत नाहीत. वरचा हातभर थर कोरडा होतो आणि खालच्या ओलीवर झाकण घालून बसतो. ती ओल खडूसारख्या पांढऱ्या थरावर अडते आणि थेंबाथेंबाने बेरीत झिरपते. त्या पाण्याला तिथे रेजाणी पाणी म्हणतात. माजीसाची बेरी रात्रभरात तीन घागरी पाणी द्यायची. तेवढ्यावर घर चालायचं.

नवरा गेल्यावर मुलांनी वाटणी केली. धोऱ्याच्या मधोमध काट्यांचं कुंपण पडलं. उजवा हात थोरल्याला, डावा धाकट्याला. बेरी मात्र सामाईक राहिली.

मग २०१२ साल उजाडलं. आपण जिची भाजी करतो, त्या गवारीच्या बियांना अचानक सोन्याचं मोल आलं. अमेरिकेत खडक फोडून वायू काढायचा धंदा तेजीत होता, आणि त्या कामाला गवारीचा डिंक लागायचा. त्या वर्षी गवारीचा भाव क्विंटलला ३०,००० रुपयांच्या घरात पोचला. जो तो जमीन शोधू लागला.

थोरला म्हणाला, “माजीसा, धोरा नुसता पडून आहे. ट्रॅक्टर भाड्याने आणतो. तव्यांचा नांगर दोन दिवसांत सगळा उतार फाडून देईल.”

“आणि फोग?”

“मुळं खणून विकू. फोगाच्या कोळशाला गिऱ्हाईक आहे. ट्रॅक्टरचं भाडं त्यातूनच निघेल.”

“तुझे वडील...”

“वडिलांच्या वेळी हा भाव नव्हता,” थोरला म्हणाला. म्हातारी गप्प बसली.

धाकट्याने आपल्या बाजूला ट्रॅक्टर घातला नाही. तो फार शहाणा होता असं नाही. त्याच्याकडे गाई होत्या, त्यांना सेवण हवी होती, आणि भाड्यापुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते. पण कारण काहीही असो, त्याची बाजू राहिली.

पहिल्या वर्षी थोरल्याची गवार आली. कित्येक वर्षं न फोडलेल्या जमिनीत ओल होती, कस होता. त्याने मोटारसायकल घेतली. धाकट्याच्या बायकोने दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. माजीसा रोज सकाळी धोऱ्यावर जाऊन उजव्या हाताकडे बघत उभी राहायची. फोग नव्हता, खिंप नव्हती, सेवणीचं एक ठोंब उरलं नव्हतं. नांगराच्या रेघा तेवढ्या होत्या.

चैत्र सरला आणि नैऋत्येचा वारा सुरू झाला. थारमध्ये हा वारा पावसाच्या आधी येतो. एप्रिल ते जून तो जोरात असतो, आणि पाऊस येतो जुलैत. म्हणजे वारा सर्वांत दांडगा असतो तेव्हाच जमीन सर्वांत कोरडी असते. त्या तीन महिन्यांत वाळू धरून ठेवायला जुनी मुळं आणि वाळलेली ठोंबं एवढीच असतात. वाळूचा कण वाऱ्याने उचलला की उडी मारतो, पडतो तिथे आणखी चार कणांना उडवतो, ते पुढे आणखी उडवतात. हा सगळा खेळ बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतो. म्हणून गुडघाभर वाळलेलं गवतही तो मोडू शकतं. थोरल्याच्या बाजूला तेवढंही नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात उताराची वाळू सैल झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात माथ्यावरून वाळूची एक जीभ खाली उतरली. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या जिभेचे तुकडे पडले आणि एकेक तुकडा चंद्रकोरीसारखा होऊन स्वतःच्या पायाने चालायला लागला. अशा टेकडीला बारखान म्हणतात. उघड्या वाळूवर झाडपाला नसेल तर सारं उलटं होतं. कडांना वाळू कमी, म्हणून कडा जलद पळतात आणि मधला भार मागे राहतो. टोकं वाऱ्याच्या दिशेने पुढे निघतात. नैऋत्येचा वारा, आणि गाव ईशान्येला. ती टोकं थेट गावावर रोखलेली होती.

एवढ्यात गवारीचा भावही कोसळला. जमीन पेरायची म्हटली तरी बियाणं वाळूखाली गाडलं जाई, नाहीतर उघडं पडे. जूनमध्ये एका रात्री आंधी आली. सकाळी थोरल्याच्या गोठ्याचं दार उघडेना. वाळू कंबरेएवढी साचली होती.

थोरला माजीसाकडे येऊन बसला. “यंदा वारा फार आहे,” तो म्हणाला. “पाऊसही दोन वर्षं धड नाही. देवच रुसला, तिथे माणसाने काय करायचं?”

म्हातारी उठली. काठी घेऊन धोऱ्यावर चढली आणि कुंपणाजवळ जाऊन थांबली. थोरला मागोमाग आला.

“इकडे पाऊस किती पडला?” तिने उजवीकडे काठी दाखवली.

“थोडाच.”

“आणि तिकडे?”

थोरला बोलला नाही.

“वारा इकडे जास्त आणि तिकडे कमी, असा येतो का रे? त्याला तुमचं कुंपण दिसतं?”

डाव्या बाजूलाही दुष्काळाची झळ होती. सेवण करपून पिवळी पडली होती, माथ्यावरची थोडी वाळू हललीही होती. पण फोगाच्या बुडख्याभोवती वाळूचे छोटे ढीग अडून राहिले होते आणि ठोंबं जागची हलली नव्हती. एक पाऊस पडला की ती पुन्हा हिरवी होणार, हे दिसत होतं. उजव्या बाजूला हिरवं व्हायला काही उरलंच नव्हतं.

“धोऱ्याला हात होते,” माजीसा म्हणाली. “तू हात तोडलेस. आता त्याला शिंगं फुटलीत.”

त्याच हिवाळ्यात अहमदाबादहून एक संशोधक गावात आला. धोऱ्यात खड्डा खणून त्याने लोखंडी नळी आडवी ठोकली, दोन्ही तोंडं काळ्या कापडाने बंद केली आणि नळी जपून बाहेर काढली. धाकट्याने विचारलं, “साहेब, वाळूत काय झाकून नेता?”

“अंधार,” तो म्हणाला. “वाळूचा कण गाडला गेला की शेवटचं ऊन कधी पाहिलं, याची खूण त्याच्यात साठत राहते. प्रयोगशाळेत ती मोजता येते. आत जाईपर्यंत त्याला उजेड लागता कामा नये.”

संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी खाताना माजीसाने त्याला विचारलं, “मग सांग, हा धोरा बांधला कुणी? फार मोठा दुष्काळ पडला होता का?”

“आम्हालाही आधी तसंच वाटायचं,” संशोधक म्हणाला. “सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी फार गार होती. तेव्हा इथे कोरड होती, गवत नव्हतं. मग त्या काळात धोरे सर्वांत जास्त वाढायला हवे होते. पण तसं झालं नाही, कारण उन्हाळी मोसमी वाराच दुबळा होता. उचलायला वाळू भरपूर होती, उचलणारा नव्हता. थारमधल्या पुष्कळ धोऱ्यांची मोठी वाढ त्यानंतरची, साधारण सतरा ते चौदा हजार वर्षांपूर्वीची आहे. हवा उबदार होऊ लागली, नैऋत्येचा वारा पुन्हा जागा झाला. गवताला मात्र यायला उशीर लागला. वारा आधी आला आणि गवत नंतर, त्या मधल्या काळात हे डोंगर उभे राहिले. पुढे पाऊस वाढला, गवत आलं, आणि धोरे झोपी गेले.”

चुलीत लाकूड तडतडलं. थोरला खाली मान घालून बसला होता.

“म्हणजे वारा आहे आणि गवत नाही, असं झालं की धोरा उठतो,” माजीसा सावकाश म्हणाली.

“अगदी तेवढंच.”

“आभाळाला त्यासाठी हजारो वर्षं लागली. आमच्या घरी ते काम दोन दिवसांत झालं.”

त्या रात्री थोरल्याला झोप लागली नाही. वाऱ्याला शिव्या घालत त्याने तीन वर्षं काढली होती. वारा तर वडिलांच्या वेळी होता तोच होता.

दुसऱ्या वर्षी तो कामाला लागला. जोधपूरला कोरड्या प्रदेशाच्या अभ्यासासाठी १९५९ पासून ‘काझरी’ नावाची मोठी संस्था आहे, आणि चालती वाळू थांबवायची रीत तिथे वर्षानुवर्षांच्या कामातून बसली आहे. आधी कुंपण करून जनावर बंद करायचं. मग खिंप, बोर, मिळेल त्या झुडपाच्या फांद्या वाऱ्याला आडव्या ओळींत वाळूत खोचायच्या, म्हणजे जमिनीलगतचा वारा मोडतो. आणि त्या आडोशाला पावसाळ्यात रोपं लावायची. थोरल्याने, त्याच्या बायकोने आणि मुलांनी जानेवारीपासून फांद्या खोचल्या. हात काट्यांनी फाटले. जूनमध्ये आंधी आली तेव्हा वाळू ओळींपाशी अडून बसली. थोरला उभ्या उभ्या रडला.

मग त्याला हाव सुटली. या वेळची हाव पुण्याची होती. त्याने ठरवलं, आपण फोडलेला धोरा आपणच हिरवागार करायचा, एक वीत जागा उघडी ठेवायची नाही. रोपवाटिकेतून इस्रायली बाभळीची रोपं आणली. हे झाड वाळूत भराभर वाढतं. दोन रोपांच्या मध्ये तिसरं, ओळींच्या मध्ये ओळ, अगदी माथ्यापर्यंत. चार वर्षांत उजवी बाजू लांबून जंगलासारखी दिसू लागली. येणारे-जाणारे थांबून कौतुक करायचे. धाकट्याची बाजू त्याच्यापुढे उदास वाटायची. पिवळं गवत, मध्येच एखादं झुडूप, वरचा माथा तर बोडकाच.

एका सकाळी माजीसाने बेरीत चरवी सोडली. दोन घागरी निघाल्या. पुढच्या वर्षी दीड. मग एक.

तिने काही न बोलता थोरल्याला हाताला धरून झाडांत नेलं. खाली गवत उगवलं नव्हतं. मधली मधली झाडं शेंड्याकडून वाळत होती.

“भाईसा,” मागून आलेला धाकटा म्हणाला, “तुमच्या झाडांनी बेरी पिऊन टाकली.”

थोरला गोंधळला. “झाडं लावणं पाप आहे का? तोडलं तेव्हा चुकलो, लावलं तरी चुकलोच?”

माजीसा वाळूत बसली. तिने मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडून दिली. “बेटा, या घरी पाणी किती, ते आधी बघायचं. घरात चार भाकऱ्या असताना चाळीस पाहुणे बोलावलेस. पहिल्यांदा तू धोऱ्याला उघडा पाडलास आणि आता त्याला कर्जात घातलास. दोन्ही वेळा तू आपल्या इच्छेकडे बघितलंस. त्याच्याकडे बघितलंच नाहीस.”

“मग किती ठेवू?”

“डावीकडे बघ. तिथे किती आहे?”

थोरल्याने पहिल्यांदा धाकट्याची बाजू नीट पाहिली. आजवर त्याला ती उजाड वाटत होती. ठोंबाठोंबामध्ये मोकळी जागा होती, कारण पावसाचं पाणी तेवढ्याच ठोंबांना पुरत होतं. माथा बोडका होता, कारण धोऱ्याचा माथा थोडा हलता असतोच; खालचे हात घट्ट असले की त्या हलण्याने गावाचं काही बिघडत नाही. उघड्या वाळूत पाऊस सरळ मुरत होता आणि बेरीकडे जात होता. जी जागा त्याला रिकामी वाटत होती, तिथूनच घरची घागर भरत होती.

त्या हिवाळ्यात दोघा भावांनी मिळून तीन झाडांमागे दोन झाडं काढली. माथा मोकळा केला. पावसाच्या तोंडावर धाकट्याने आपल्या बंद पट्ट्यातलं सेवणीचं बी आणून दिलं, फोगाची रोपं खालच्या कडेला लावली. कुंपणाचे काटे काढून त्यांनी तेच वाऱ्याला आडवे खोचले. एवढ्याने चमत्कार झाला नाही. पहिला पाऊस दगा देऊन गेला, अर्धं बी वाया गेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरलं. हळूहळू उजव्या कडेला गवताची ठोंबं धरली, शिंगांची टोकं बोथट झाली. बेरीने एकाच्या दीड घागरी केल्या, मग दोन. तिसरी घागर अजून भरलेली नाही. जे ट्रॅक्टरने दोन दिवसांत केलं, ते निस्तरायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

माजीसा आता थकली आहे. नातवंडं तिला धोऱ्यावर घेऊन जातात. परवा एका नातवाने विचारलं, “दादीसा, धोरा कोण हलवतं? वारा की पाऊस?”

म्हातारी म्हणाली, “वारा उचलतो, पाऊस धरतो. आणि माणूस ठरवतो, कोण जिंकणार ते. वारा आपल्या हातात नाही, पाऊस आपल्या हातात नाही. नांगर आहे. म्हणून जाब नेहमी नांगराला विचारायचा.”

ही गोष्ट दूरच्या वाळवंटाची म्हणून सोडून देऊ नये. वाळू आपल्याही कोकणात आहे. किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्याच्या जरा वर, जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरलेली असते आणि ती वाळूला जागच्या जागी धरून ठेवते. फोग तिकडे करतो तेच काम ती इकडे करते. आपल्या पूर्वजांनी तिचं नाव ठेवलं मर्यादवेल. वाळूला काय धरून ठेवतं, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलं होतं.

तात्पर्य : निसर्गाचा कोप म्हणण्याआधी कुंपणापलीकडची जमीन पाहावी. तोच वारा आणि तोच पाऊस असताना एक बाजू टिकली आणि दुसरी उठली, तर दोष आभाळाचा नाही. जमिनीकडून घेताना मर्यादा हवी, आणि तिला देतानाही तेवढीच हवी.